पाण्याखालचा चाकू: कोणता घ्यावा, कुठे बांधावा

प्रश्न (वास्को): स्कूबा डायव्हिंगचा पहिला, ओपन वॉटर कोर्स नुकताच संपला. यंदाच्या हंगामात गोव्याजवळच्या ग्रँड आयलंडला नेमाने डायव्हला जायचं आहे. पोटरीला बांधायचा, वीतभर पात्याचा टोकदार चाकू पाहून ठेवलाय. घेऊ का?

उत्तर: घेऊ नका. आपल्या पाण्यात काय कापावं लागतं, ते आधी पाहा. इथल्या खडकांत आणि बुडालेल्या जहाजांच्या सांगाड्यांत अडकून राहिलेलं असतं ते मुख्यतः तंगूस, म्हणजे मासेमारीचा पारदर्शक नायलॉन दोरा, आणि तंगुसाच्या जाळ्यांचे तुकडे. त्याखालोखाल ट्रॉलरच्या जाळ्याचा पिळाचा जाड दोरा. नांगराचा दोर क्वचितच. पाणी गढूळ असलं की दोन-तीन मीटरपलीकडचं दिसत नाही आणि तंगूस तर हातभर अंतरावरूनही दिसत नाही. मागून ओढ बसली की मगच कळतं. अशा वेळी लांब पातं काही कामाचं नाही. टोकदार पात्याने बीसीडीला (हवा भरून तरंगतं ठेवणाऱ्या जॅकेटला) किंवा स्वतःच्याच हाताला भोक पडायची भीती मात्र असते.

तंगुसासाठी सर्वात चांगला लाइन कटर. त्याचं पातं खाचेच्या आत असतं, त्यामुळे हाताचं बोट किंवा रेग्युलेटरची (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या साधनाची) नळी कापली जात नाही. खाचेत दोरा अडकवून ओढला की काम झालं. त्याची मर्यादा एकच: करंगळीएवढा दोर त्या खाचेत शिरत नाही. त्यासाठी दुसरं हत्यार लागतं. ७-८ सेंटिमीटर पात्याचा, बोथट टोकाचा, एका बाजूला दाते असलेला छोटा चाकू घ्या, नाहीतर रुग्णवाहिकेत कपडे कापायला ठेवतात तशी स्टेनलेस स्टीलची जाड कात्री. गळाच्या टोकाला असते ती बारीक तारही कात्री कापते, चाकू कापत नाही. एकच घ्यायचं असेल तर लाइन कटर घ्या. पण दोन ठेवणंच बरं, कारण पहिलं हातातून सुटलं तर तळाशी शोधत बसायला वेळ नसतो.

कोणतंही हत्यार बोटीवर नेण्याआधी घरी तपासा. मालीमच्या किंवा कुटबणच्या जेटीजवळ जाळ्यांचं सामान विकणाऱ्या दुकानातून तंगूस, जाळ्याचा दोरा आणि हातभर दोर घेऊन या. बादलीभर पाण्यात तंगूस सैल सोडा, हातमोजे घाला, डोळे मिटा आणि एकाच हाताने कापून पाहा. मग उजव्याऐवजी डाव्या हाताने कापा. ताणलेलं तंगूस कशानेही तुटतं; सैल तंगूस गुळगुळीत धारेवरून नुसतं घसरतं, दात्यांत मात्र अडकतं. दुकानात छान वाटलेले पुष्कळ चाकू या बादलीत नापास होतात.

प्रश्न (म्हापसा): लाइन कटर घेतला. लावायचा कुठे? बडी (डायव्हमधला जोडीदार) म्हणतो पोटरीवरच.

उत्तर: पोटरीवर नको. पाय जाळ्यात गुंतला तर तिथे हात पोचत नाही, आणि म्यानाची कड व पट्ट्याचं टोक स्वतःच तंगूस पकडतं. हनुवटी ते कंबर आणि दोन्ही खांदे, एवढ्या टापूत कुठेही लावा, पण दोन्ही हात पोचले पाहिजेत. छातीवरचा पट्टा उत्तम, कंबरपट्टा बक्कलजवळ असेल तर तोही चालतो. दुसरं हत्यार दुसऱ्या बाजूला ठेवा. बीसीडीच्या खिशात तळाशी टाकलेली कात्री म्हणजे नसल्यासारखीच.

म्यान एका हाताने उघडतं का, आणि बोटीच्या काठावरून पाठमोरं पाण्यात पडल्यावरही हत्यार जागेवर राहतं का, ते पाहा. सुटायची भीती वाटत असेल तर आखूड रबरी दोरी बांधा. लांब दोरी बांधलीत तर अडकायला आणखी एक दोरा तुम्हीच सोबत नेलात. पायातल्या फिनच्या पट्ट्यांची मोकळी टोकंही आतल्या बाजूला वळवून ठेवा. तंगूस बहुतेकदा तिथे किंवा डोक्यामागच्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हलाच अडकतं.

प्रश्न (मडगाव): खरंच अडकलो तर आधी काय करायचं?

उत्तर: थांबायचं. वळायचं नाही. मागे काय आहे ते बघायला माणूस गर्रकन फिरतो आणि एक पदर अडकला होता तिथे तीन गुंडाळले जातात. दोन-तीन सावकाश श्वास घ्या, हवा किती उरली ते गेजवर पाहा, बडीला खूण करा. मग ज्या वाटेने आलात त्याच वाटेने थोडं मागे सरका. पुष्कळदा तेवढ्यानेच सुटतं. नाही सुटलं तर बडीला कापू द्या, त्याला दिसतं, तुम्हाला दिसत नाही. स्वतः कापायची वेळ आली तर एका हाताने दोरा ताणून धरा, तो रेग्युलेटरची नळी नाही याची बोटांनी खात्री करा आणि अंगापासून दूर कापा. एक पदर कापला की थांबून पुन्हा चाचपा.

बीसीडी काढून सोडवणं हा शेवटचा उपाय. वजनं बीसीडीच्या खिशांत असतील तर ती अंगावेगळी होताच तुम्ही वर ओढले जाता आणि बीसीडी खाली जाते. म्हणून एक हात तिच्या पट्ट्यात अडकवूनच ठेवा, तोंडातला रेग्युलेटर सोडू नका आणि हे आधी प्रशिक्षकासमोर उथळ पाण्यात करून पाहा.

आणखी एक सांगायलाच हवं. जाळं वापरातलं असेल, बोये तरंगताना दिसत असतील, तर सुटण्यापुरतंच कापा. ते कुणाच्या तरी पोटापाण्याचं साधन आहे. बोये वरूनच दिसले तर तिथे उतरूच नका.

प्रश्न (पणजी): स्टेनलेस स्टील म्हणून घेतलेला चाकू महिन्यात गंजला. फसवणूक झाली का?

उत्तर: तसंच नाही. ४२० प्रतीच्या पोलादाला धार चांगली राहते, पण ते खाऱ्या पाण्यात लवकर डागाळतं. ३०४ किंवा ३१६ कमी गंजतं, पण धार लवकर जाते. टायटॅनियम गंजतच नाही, मात्र महाग. कोणताही चाकू डायव्हनंतर गोड्या पाण्यात धुवा, म्यानातून बाहेर काढून वाळवा आणि पात्याला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्या. गंज बहुधा ओल्या म्यानातच धरतो. लाइन कटरची पाती बारीक असतात, ती दर ऑक्टोबरला हंगाम सुरू होताना बदलून टाका.

प्रश्न (पुणे): डिसेंबरात विमानाने गोव्याला येतोय. प्रशिक्षकासोबत पहिलीच डायव्ह आहे. चाकू आणू का?

उत्तर: नको, तुमच्यासाठी ते काम प्रशिक्षकाचं. पुढे कधी स्वतःचा घेतलात तर दाबोळी असो की मोपा, तो केबिनच्या बॅगेत चालत नाही. पात्याला टोपण घालून चेक-इन बॅगेत टाका. छोटा लाइन कटरही तिथेच, त्यातही पातं असतंच.