वाचकांचे प्रश्न : डॉल्फिनच्या यकृतातला पारा

गेल्या अंकात खंभातच्या आखातावरील डॉल्फिनविषयी लिहिताना त्यांच्या शरीरात साठणाऱ्या जड धातूंचा उल्लेख मी केवळ दोन ओळींत केला होता. त्या दोन ओळींवर वडोदऱ्यातील वाचकांनी मोठ्या आस्थेने पत्रे पाठवली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : श्रावणात आम्ही घरची सगळी मंडळी कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला गेलो होतो. भरतीचे पाणी मंदिरावर चढताना पाहिले आणि परतताना सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरले. समुद्र इतका अफाट असताना त्यात थोडा धातू मिसळला, तर काय बिघडते? आणि आपल्या शहराकडचे पाणी तिथे जाते, हे खरे आहे का? (एक वाचक, दांडिया बाजार)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. होय, ते खरे आहे. वडोदरा परिसरातील कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वाहून नेणारा सुमारे 55 किलोमीटर लांबीचा कालवा 1983 पासून चालू असून तो जंबुसर तालुक्यातील सारोदजवळ मही नदीच्या मुखाशी संपतो. आपल्या शहरातून वाहणारी विश्वामित्री पुढे ढाढर नदीला मिळते आणि ढाढरही याच आखाताला जाऊन मिळते. आपण ज्या किनाऱ्यावर उभे होता, तो आपल्या गावाच्या पाण्याच्या वाटेवरचाच आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. समुद्राचे पाणी अफाट आहे म्हणून धातू त्यात विरून जातो, ही समजूत स्वाभाविक असली तरी धातू तसे वागत नाहीत. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण जिवाणू खाऊन टाकतात, परंतु पारा, शिसे आणि कॅडमियम ही मूलद्रव्ये असल्यामुळे त्यांचे विघटन होत नाही. नदीच्या गोड्या पाण्यात मातीचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात आणि धातूंचे अंश या कणांना चिकटून प्रवास करतात. हे पाणी खाऱ्या पाण्याला भेटले की, गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर जसे होते तसे, ते कण एकमेकांना धरून जड होतात आणि खाली बसतात. धातूंचा मोठा हिस्सा त्यामुळे खोल समुद्रापर्यंत जातच नाही. तो नदीच्या मुखापाशी, किनाऱ्यालगतच्या गाळात राहतो. आपल्या पायांना लागलेला तो राखाडी, लोण्यासारखा मऊ चिखल म्हणजेच हा गाळ. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतील फरक दहा मीटरांहूनही अधिक असतो, त्यामुळे हा गाळ रोज ढवळला जातो, उचलला जातो आणि पुन्हा बसतो.

या चिखलात थोडे खोल गेले की प्राणवायू संपतो आणि रंग काळा होतो. पायाने तो थर उकरला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, हे आपल्यालाही कदाचित जाणवले असेल. तो वास सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंच्या कामाचा आहे आणि हेच जिवाणू साध्या पाऱ्याचे रूपांतर मिथाइल पाऱ्यात, म्हणजे कार्बनशी जोडलेल्या सेंद्रिय पाऱ्यात, करतात. खरी अडचण येथून सुरू होते. साधा पारा आतड्यातून शरीरात फारच थोडा शोषला जातो, तर अन्नातून आलेला मिथाइल पारा जवळजवळ सगळाच शोषला जातो आणि बाहेर पडायला दीर्घ काळ घेतो. चिखलातील किड्यांकडून तो कोळंबीत, कोळंबीकडून लहान माशात, तिथून ढोम्यासारख्या मोठ्या माशात आणि शेवटी डॉल्फिनमध्ये पोहोचतो. दर पायरीला खाणारा जीव आपल्या खाद्यातील पारा साठवत जातो, त्यामुळे साखळीच्या टोकाशी त्याचे प्रमाण पाण्यातल्यापेक्षा कित्येक लाख पटींनी वाढलेले असू शकते. डॉल्फिनला धातू बाधतो तो मुख्यतः पाण्यातून नव्हे, तर त्याच्या घासातून.

महीच्या मुखाशी पारा घातक पातळीला गेला आहे, असे मी म्हणत नाही आणि सगळा पारा एकाच नळातून येतो असेही नाही. कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्रांच्या धुरातून निघालेला पारा हवेतून शेकडो कोस दूर जाऊन पावसाबरोबर खाली येतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, पाण्याचा नमुना स्वच्छ आला म्हणजे खाडी स्वच्छ आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तपासणी गाळाची आणि माशांची झाली पाहिजे, तीही एकदा नव्हे, तर दरवर्षी त्याच जागी.

प्रश्न : मी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एकाच जातीच्या डॉल्फिनच्या यकृतातील पाऱ्याचे दोन आकडे मला दोन शोधनिबंधांत सापडले आणि दोहोंत जवळजवळ चौपट फरक आहे. यातला खरा कोणता? (एक विद्यार्थिनी, फतेहगंज)

उत्तर : दोन्ही खरे असण्याची शक्यता आहे. प्रथम पाहा की, आकडा ओल्या वजनावर दिला आहे की वाळवलेल्या. यकृतात सुमारे 70 ते 75 टक्के पाणी असते, म्हणून तेच यकृत वाळवून मोजले तर आकडा तीन ते चार पट दिसतो. वर्तमानपत्रात हा तपशील गळतो आणि मग एखाद्या किनाऱ्यावरचे डॉल्फिन विनाकारण 'सर्वांत विषारी' ठरतात.

त्यानंतर अवयव पाहा. पारा यकृतात साठतो, कॅडमियम मूत्रपिंडात आणि शिसे हाडांत व दातांत. माकूल (स्क्विड) पुष्कळ खाणाऱ्या डॉल्फिनच्या मूत्रपिंडात कॅडमियम अधिक सापडते, कारण माकुलाच्या शरीरातच ते जास्त असते, मग तो समुद्र कारखान्यांपासून कितीही दूर असो. पारा चरबीत साठतो, असे पुष्कळ ठिकाणी छापून येते, ते मात्र चुकीचे आहे. चरबीत साठतात ती डीडीटी हे कीटकनाशक आणि जुन्या विद्युत उपकरणांच्या तेलातील पीसीबी यांसारखी रसायने. मिथाइल पारा प्रथिनांतील गंधकाला धरून बसतो, म्हणून तो स्नायूंत आणि अवयवांत सापडतो.

तिसरी गोष्ट वय. पारा वयाबरोबर साठत जातो, त्यामुळे तीस वर्षांच्या मादीची तुलना तीन वर्षांच्या पिल्लाशी केली तर त्यातून वयाखेरीज काहीच कळत नाही.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती म्हणजे पारा कोणत्या रूपात आहे. डॉल्फिनचे यकृत मिथाइल पारा फोडते आणि त्याची सेलेनियमशी गाठ बांधते. या संयुगाला टिमॅनाइट म्हणतात. ते पाण्यात विरघळत नाही आणि यकृताच्या पेशींत काळ्या बारीक कणांच्या रूपाने पडून राहते. समुद्री सस्तन प्राण्यांत पारा आणि सेलेनियम जोडीने वाढतात, हे 1973 मध्येच शास्त्रज्ञांच्या लक्षात आले होते. प्रौढ डॉल्फिनच्या यकृतातील पाऱ्याचा फार मोठा भाग या निरुपद्रवी रूपात असू शकतो, म्हणून नुसता एकूण आकडा पाहून प्राणी किती बाधित आहे हे सांगता येत नाही. परंतु या सोयीचीही किंमत आहे. सेलेनियम शरीराला स्वतःच्या कामासाठी हवे असते, पेशींचे रक्षण करणारी काही विकरे त्याच्यावाचून तयार होत नाहीत आणि पाऱ्याशी बांधले गेलेले सेलेनियम त्या कामाला उरत नाही. आपल्या प्रबंधात पाऱ्याशेजारी सेलेनियमचा आकडा अवश्य मांडा. तो नसेल, तर पाऱ्याचा आकडा अर्धवट समजावा.

प्रश्न : आई आपल्या पिल्लाला हा धातू देते का? (एक वाचक, बाबाजीपुरा)

उत्तर : होय. मिथाइल पारा वारेतून गर्भात पोहोचतो आणि गर्भाचा वाढता मेंदू त्याला सर्वांत हळवा असतो. दुधातून तो त्या मानाने कमी जातो. पीसीबीचे नेमके उलट असून ती रसायने चरबीबरोबर दुधात उतरतात.

प्रश्न : माझ्या सुनेला सहावा महिना आहे. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा मासे होतात. आपला लेख वाचल्यापासून तिने मासे खाणेच सोडले आहे. तिने खावे की खाऊ नये? (एक गृहिणी, रावपुरा)

उत्तर : माझ्या लेखामुळे आपल्या सुनेच्या ताटातून मासे गेले असतील, तर मला त्याचे वाईट वाटते. त्यांनी मासे सोडू नयेत. बाळाच्या मेंदूच्या वाढीला उपयोगी अशी स्निग्धाम्ले माशांतून मिळतात. बदल करायचा तो माशांच्या निवडीत. जो मासा लहान, अल्पायुषी आणि साखळीच्या खालच्या पायरीवरचा, त्यात पारा कमी. बोंबील, मांदेली, तारली आणि बांगडा घरात बेलाशक शिजवावेत. मोरी, तलवार मासा आणि मोठा कुपा हे स्वतः शिकारी असून दीर्घकाळ जगतात, म्हणून गरोदरपणात ते टाळावेत. मोठ्या सुरमईचे प्रमाणही बेताचे ठेवावे.

हिशेब हवा असेल तर तोही सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने 2003 मध्ये, गर्भाचा विचार करूनच, मिथाइल पाऱ्याची आठवड्याची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 1.6 मायक्रोग्रॅम ठरवली. 55 किलो वजनाच्या स्त्रीसाठी ती 88 मायक्रोग्रॅम होते. एखाद्या मोठ्या माशात किलोमागे अर्धा मिलिग्रॅम मिथाइल पारा आहे असे धरले, तर पावणेदोनशे ग्रॅममध्ये, म्हणजे दोन मोठ्या तुकड्यांत, आठवड्याचा कोटा संपतो. लहान माशात त्याच्या एक दशांश पारा धरला, तर तोच कोटा संपायला पावणेदोन किलो मासे लागतील. पारा मांसात भिनलेला असल्यामुळे हळद-मीठ लावून धुतल्याने किंवा खरपूस तळल्याने तो निघत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. बाकी सुनेला इतर काही त्रास असेल, तर शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा.

ही सावधगिरी जगाने फार मोठे मोल देऊन शिकली आहे. जपानच्या मिनामाता गावात एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातील मिथाइल पारा खाडीतल्या माशांत उतरला. माशांवर जगणारी गावातली मांजरे आधी झटके येऊन वेड्यासारखी फिरू लागली, मग माणसे आजारी पडली. 1956 मध्ये या आजाराची अधिकृत नोंद झाली, तरी ते सांडपाणी थांबायला 1968 साल उजाडले. त्या बारा वर्षांत जन्मलेल्या कित्येक मुलांच्या मातांना स्वतःला फारशी लक्षणे नव्हती, आणि मुले मात्र जन्मतःच अपंग होती. डॉल्फिनकुळातील पायलट व्हेलचे मांस परंपरेने खाणाऱ्या फेरो बेटांवरही तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी 2008 मध्ये ते मांस खाणे थांबवण्याचा सल्ला दिला.

प्रश्न : किनाऱ्याला लागणारे डॉल्फिन या धातूंमुळेच मरतात का? (एक निवृत्त शिक्षक, कारेलीबाग)

उत्तर : एका मृत डॉल्फिनकडे बोट दाखवून 'हा पाऱ्याने मेला' असे सांगणे जवळजवळ अशक्य आहे. आपल्या किनाऱ्यावर आढळणारा कुबडधारी डॉल्फिन उथळ पाण्यात, किनारा धरून राहतो आणि मासेमारीची जाळी त्याच पाण्यात लावली जातात. जाळ्यात अडकून गुदमरणे हा त्याच्या जिवाला असलेला सर्वांत मोठा धोका आहे. धातूंचे काम आडून चालते. इंग्लंड आणि वेल्सच्या किनाऱ्यावरील पॉर्पॉइज या डॉल्फिनच्या नातलगांचा एक अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. संसर्गाने मेलेल्या प्राण्यांच्या यकृतात, अपघाताने मेलेल्यांच्या तुलनेत, पारा अधिक आढळला. पाऱ्याने प्रतिकारशक्ती खचली असावी, हा त्याचा एक अर्थ. आजारी प्राणी खंगून यकृत आक्रसल्यामुळे आकडा चढला असावा, हा दुसरा. मला पहिला अर्थ अधिक संभवनीय वाटतो, परंतु दुसरा खोडून काढता येत नाही.

गुजरात सरकारने 2024 मध्ये जाहीर केलेल्या गणनेत राज्याच्या किनाऱ्यावर अंदाजे 680 डॉल्फिन होते आणि त्यांतील भावनगरच्या बाजूला, म्हणजे आपल्या खंभातच्या आखाताच्या पश्चिम किनाऱ्याला, केवळ 10. बहुतेक सगळे कच्छच्या आखातात आहेत. ज्या समूहात दहाच जीव उरले आहेत, तिथे एका मादीची वीण फसली तरी ती मोठी हानी असते. म्हणून कारण सिद्ध होईपर्यंत थांबावे, हा युक्तिवाद मला येथे पटत नाही.

प्रश्न : मामाकडे गेलो होतो तेव्हा किनाऱ्यावर मेलेल्या डॉल्फिनचा एक दात मला मिळाला. तो मी ठेवू शकतो का? (इयत्ता नववीतील एक विद्यार्थी)

उत्तर : नाही, बाळ. डॉल्फिन 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे त्याचा दातसुद्धा घरी ठेवता येत नाही. वडिलांना बरोबर घेऊन तो वन विभागाच्या कार्यालयात दे आणि कुठल्या गावच्या किनाऱ्यावर, कोणत्या दिवशी सापडला, ते कागदावर लिहून सोबत जोड. तारीख आणि ठिकाण नसलेला दात अभ्यासाला फारसा उपयोगी पडत नाही.

तुझ्या हाती काय आले होते, ते मात्र सांगतो. डॉल्फिनच्या दातात दरवर्षी एक थर चढतो. मी एकदा अशा दाताचा उभा चिरलेला, कागदासारखा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आहे. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे फिकट आणि गडद पट्टे एकाआड एक होते आणि मी ते मधापासून कडेपर्यंत सुईच्या टोकाने मोजत गेलो. सतरा भरले. रक्तातले शिसे ज्या वर्षी त्या थरात बसते, तिथेच ते राहते आणि आता बारीक लेझर किरणाने एकेक थर वेगळा तपासता येतो. भारतात शिसेविरहित पेट्रोल देशभर 1 फेब्रुवारी 2000 पासून आले. त्याआधी जन्मलेला एखादा डॉल्फिन आज आपल्या किनाऱ्यावर असेल, तर त्याच्या दातात त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे थर शेजारीशेजारी असतील.