चुकलेल्या सिटिंगची भरपाई करायची का?

प्रश्न: डॉक्टर, आम्ही तासगावजवळ राहतो. मुलगी अकरावीला आहे, तिच्या हातावर आणि गुडघ्यावर कोडाचे डाग आहेत. आधी मिरजेला नॅरोबँडचा लाईट (कोडावरचे अतिनील किरण) घ्यायचो, आता डॉक्टरांनी घरी हातात धरायचं मशीन घ्यायला सांगितलं, आठवड्यातून दोनदा. द्राक्षाच्या तोडणीत महिनाभर काहीच जमलं नाही, मध्ये मशीनची ट्यूबपण नवीन टाकली. आता राहिलेलं भरून काढायला रोज थोडा जास्त वेळ दिला तर चालेल का? सासूबाई म्हणतात बावचीचं तेल लावून उन्हात बसवा.

उत्तर: ताई, कृपा करून जास्त वेळ देऊ नका, उलट पहिल्यापासून सुरू करा. गॅप पडला की कातडीची लाईट सोसायची ताकद कमी होते, म्हणून आठवड्याच्या आत असेल तर आधीचाच डोस, ८ ते १४ दिवस झाले तर पाव भाग कमी, १५ ते २१ दिवसांना निम्मा, आणि ३ आठवड्यांच्या वर गेलं की सगळ्यात पहिला डोस, साधारण असं धरतात. तुमचा तर महिना झालाय. आणि रोज अजिबात नको, लाली पूर्ण चढायलाच ८ ते २४ तास लागतात, त्यामुळे आज भाजलंय हे उद्या कळतं आणि तोवर तुम्ही दुसरा डोस देऊन मोकळ्या झालेल्या असता.

आता ट्यूबचं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डोस मिनिटांत नसतो, मिलिज्यूलमध्ये असतो, म्हणजे कातडीवर किती ऊर्जा पडली त्यात. कोडाला सुरुवात बहुतेक वेळा दर चौरस सेंटीमीटरला २०० मिलिज्यूलने करतात आणि दर वेळी १० ते २० टक्के वाढवतात. समजा जुनी ट्यूब थकून तेवढ्याच जागेला २ मिलिवॅट, म्हणजे सेकंदाला २ मिलिज्यूल, देत होती, तर २०० ला १०० सेकंद लागायचे. नवी ४ देत असेल तर तेवढंच काम ५० सेकंदांत होतं, आणि तुम्ही जुन्या सवयीने १०० दिले की पोरीला डबल डोस बसला. म्हणून मशीन घेऊन मिरजेला जा, मीटरने मोजून नवे सेकंद लिहून घ्या, त्याआधी चालूच करू नका. मशीन कातडीपासून किती लांब धरायचं तेही विचारा, अंतर बदललं की डोस बदलतो.

बावचीत सोरालेन असतं, त्याने कातडी उन्हाला फार नाजूक होते. दवाखान्यात सोरालेन मोजून देतात आणि लाईटही मोजूनच देतात, पण घरचं तेल किती आणि दुपारचं ऊन किती हे कोण मोजणार? मोठाले फोड येतात, आणि कोडात भाजलेल्या जागी नवा डाग उठू शकतो. सासूबाईंना हे शांतपणे सांगा, त्या काळजीनेच बोलतायत.

अजून एक, या वयात पिंपल्ससाठी डॉक्सीसायक्लिन बऱ्याच पोरी घेतात, ते चालू असेल तर आधी सांगा, त्याने लाईटने कातडी जास्त भाजू शकते. गॉगल दोघींनाही हवा, मशीन धरणाऱ्यालासुद्धा. हलकी गुलाबी छटा आली आणि २४ तासांत गेली तर घाबरू नका, त्यापेक्षा जास्त टिकली तर पूर्ण जाईपर्यंत थांबा आणि मग डोस कमी करूनच घ्या. दुखायला लागलं किंवा फोड आला तर लाईट बंद आणि सरळ डॉक्टरांकडे.