भावाला आहे, म्हणजे बहिणीलाही होईल?

प्रश्न : मुलाच्या (वय १४) घशाखाली घास अडकायचा. दुर्बिणीतून तपासणी व बायोप्सी केल्यावर 'इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस' (अन्ननलिकेला अ‍ॅलर्जीतून येणारी सूज) निघाला. धाकट्या मुलीची जनुकीय चाचणी करावी का?

उत्तर : नको, पैसे वाया जातील. हा आजार एका जनुकाने होत नाही. अन्ननलिकेच्या अस्तरातले 'कॅपएन१४' आणि अ‍ॅलर्जीला चालना देणारे 'टीएसएलपी' या जनुकांतले बदल धोका वाढवतात, पण ते निरोगी माणसांतही सापडतात. सख्ख्या भावंडांत धोका साधारण २.४ टक्के, जुळ्यांच्या एका अभ्यासात दुसऱ्या जुळ्यालाही आजार असण्याचे प्रमाण एकसारख्या जुळ्यांत ४१, तर भिन्न जुळ्यांत २२ टक्के होते. गंमत पाहा : भिन्न जुळ्यांची जनुके साध्या भावंडांइतकीच जुळतात. मग २.४ आणि २२ टक्क्यांतला हा फरक कशाचा? बराचसा गर्भातल्या आणि पहिल्या वर्षातल्या सामायिक परिस्थितीचा. तान्हेपणी दिलेली अँटिबायोटिक्स हा त्यातला एक संशयित.

अशी परिस्थिती जनुकांवर 'एपिजेनेटिक' बदलांतून परिणाम करू शकते. या बदलांत जनुकाची अक्षरे तीच राहतात, फक्त त्यावरच्या रासायनिक खुणा बदलतात. 'आयएल-१३' या संदेशवाहक प्रथिनामुळे 'सीसीएल२६' जनुक जोरात चालू होते आणि इओसिनोफिल पेशी (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) अस्तराकडे ओढल्या जातात.

मुलीचे जेवण मात्र पाहा. प्रत्येक घासाला पाणी, भाकरी आमटीत भिजवूनच खाणे, मांस टाळणे, ताटावर सगळ्यांत शेवटी उरणे असे दिसले तर गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्टना (पचनसंस्थेच्या तज्ज्ञांना) दाखवा. अस्तर वरून ठीक दिसले तरी बायोप्सीचे किमान ६ तुकडे, अन्ननलिकेच्या वेगवेगळ्या पातळ्यांवरून, घ्यावे लागतात. सूज ठिकठिकाणी विखुरलेली असते. लक्षणे नसताना तिचे दूध, गहू बंद करू नका.