गडावरचा मुक्काम आणि सामानाची राखण : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरून गडकिल्ल्यांवरच्या मुक्कामाचा हंगाम सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. वाटा आणि पाणी यांच्याऐवजी वाचक आता सामानाविषयी आणि सोबतीच्या माणसांविषयी विचारू लागतात. अशा पत्रांपैकी चारांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आम्ही सहा मित्र डिसेंबरमध्ये हरिश्चंद्रगडावर जाणार आहोत. कोकणकड्याजवळ तंबू लावायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांनी तारामती शिखरावर सूर्योदय पाहायला जायचे, असा बेत आहे. तंबूतून मोबाईल आणि पाकिटे गेल्याचे ऐकले आहे. तंबूच्या चेनला कुलूप लावले तर पुरेल का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : कुलपाचा फारसा उपयोग होणार नाही. तंबूचे कापड साध्या चाकूने क्षणात फाटते, आणि चेनला लटकणारे कुलूप पाहून आत काहीतरी किमती आहे, हे मात्र पाहणाऱ्याला कळते. तुमच्या बेतातली खरी अडचण पहाटेची आहे. संध्याकाळी कड्यावर सूर्यास्त पाहताना तंबू तुमच्या नजरेच्या टप्प्यात असतो. पहाटे मात्र सगळे तारामतीकडे निघतात, तिथून मंदिर आणि केदारेश्वराची गुहा पाहून परततात, आणि तोवर तंबू दोन-तीन तास बेवारस पडलेला असतो. शनिवार-रविवारच्या रात्री तेथे एकमेकांना न ओळखणाऱ्या अनेक गटांचे तंबू शेजारी शेजारी असल्यामुळे, कोणी वाकून एखाद्या तंबूत शिरला तर तो त्याचाच असेल असे बाकीचे गृहीत धरतात. डोंगरात आपल्याला भीती वाटते ती एकांताची, पण चोरीच्या बाबतीत गर्दीच अधिक जोखमीची असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यामुळे एक तर तंबू आवरून, सॅक भरूनच पहाटे निघा, नाहीतर दोघांनी मागे थांबा. तिसरा आणि मला सर्वांत पटणारा मार्ग म्हणजे गडावर झाप टाकून चहा-जेवण देणाऱ्या एखाद्या स्थानिक कुटुंबाशेजारीच तंबू लावायचा, रात्रीचे जेवण त्यांच्याकडेच घ्यायचे आणि निघताना सॅक त्यांच्या स्वाधीन करून किती वाजेपर्यंत परतणार ते सांगायचे. कोणता तंबू कोणाचा हे ज्यांना ठाऊक असते, अशी तेथे तेवढीच माणसे असतात. गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येत असल्यामुळे मुक्कामाचे त्या वेळचे नियम चढण्यापूर्वी पायथ्याच्या पाचनई गावात विचारून घ्या.

रात्री मोबाईल, पैसे आणि गाडीची किल्ली तंबूच्या आतल्या जाळीच्या खिशात ठेवू नका, कारण त्या खिशात आणि बाहेरच्या हातात एका कापडाचेच अंतर असते. कमरेला बांधायच्या पिशवीत घालून त्या वस्तू स्लीपिंग बॅगच्या आत घ्या. डिसेंबरच्या थंडीत मोबाईलची बॅटरीही त्यामुळे टिकते. बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत घ्यावेत, कारण बाहेर ठेवलेला एखादा बूट कुत्रे ओढून नेते आणि संशय मात्र शेजाऱ्यांवर जातो. माकडांचेही तसेच आहे. ती खाण्याच्या वासाने सॅक फाडतात, म्हणून खाऊ आणि किमती वस्तू एकाच कप्प्यात कधीही ठेवू नयेत.

प्रश्न : रात्रभर मोटारसायकल पायथ्याच्या गावात ठेवणे सुरक्षित आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : रस्त्याच्या कडेला ठेवू नका. ज्या घरी जेवण सांगितले असेल त्यांच्या अंगणात, किंवा ग्रामपंचायतीच्या अथवा वन समितीच्या पावतीच्या वाहनतळावर ठेवा. हँडल लॉक करून शिवाय चाकाला वेगळे कुलूप लावा आणि हेल्मेट सोबत न्या किंवा यजमानांकडे द्या. चारचाकीने जाणाऱ्यांनी मागे ठेवायचे सामान गावात पोहोचण्यापूर्वीच डिकीत घालावे. वाहनतळावर सर्वांसमोर लॅपटॉपची बॅग डिकीत सरकवणे टाळावे.

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण राजमाचीला मुक्कामाला जाणार आहोत. घरचे काळजीत आहेत. ओळखीचे पुरुष सोबत नसताना आम्ही काय दक्षता घ्यावी?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : तुम्ही निवडलेले ठिकाण चांगले आहे. राजमाचीच्या श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन्ही बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी उधेवाडी हे नांदते गाव आहे आणि तेथील घरांत मुक्कामाची सोय होते. पहिल्या खेपेस माळावर तंबू लावण्याऐवजी घरात, किंवा तंबूच हवा असेल तर घराच्या अंगणात राहा. यजमानांना आधी फोन करून घरात स्त्रिया आहेत ना, एवढे विचारायला संकोच करू नका. त्यांचा आणि गावच्या पोलीस पाटलांचा क्रमांक घरच्यांना देऊन ठेवा. डोंगरात फोनची रेंज भरवशाची नसते, म्हणून ‘अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर यजमानांशी बोला’ असे घरी आधीच ठरलेले असावे. तेवढ्यानेही घरच्यांची निम्मी काळजी कमी होते.

लोणावळ्याकडून येणारी वाट लांब पण सोपी आहे, तर कोंदिवड्याकडची वाट बरीच चढणीची आहे. कोणत्याही वाटेने गेलात तरी अंधारापूर्वी गाव गाठा. वाटेत भेटणाऱ्यांशी मोकळेपणाने बोला, पण आपण दोघीच आहोत आणि कुठे उतरणार आहोत, हे सांगण्याची गरज नाही. मुक्कामाच्या जागेची छायाचित्रे परत आल्यावरच सर्वांसाठी टाका. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मेअखेर ते जूनमध्ये, तेथे रात्री मोठी गर्दी होते आणि काही गट दारूही आणतात. अशा गटाशी वाद घालू नका, सरळ यजमानांना उठवा. शिट्टी आणि हेडटॉर्च झोपतानाही हाताशी असावी. प्रसंग गंभीर वाटला तर क्षणाचाही विचार न करता ११२ हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक लावा.

एखाद्या संस्थेबरोबर जाणार असाल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे तिची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, स्त्रियांसाठी वेगळा तंबू आहे का आणि सोबत महिला प्रमुख असेल का, हे लेखी विचारून घ्या. उत्तर देण्यास टाळाटाळ झाली तर पैसे भरू नका.

प्रश्न : मुक्कामात माझा मोबाईल चोरीस गेला. गटातील काहींनी जेवण आणून देणाऱ्या गावातल्या मुलावर संशय घेऊन त्याची झडती घेतली, जे मला आवडले नाही. पुण्यात परतल्यावर मला ‘वस्तू गहाळ’ अशी नोंद करण्याचा सल्ला मिळाला. योग्य मार्ग कोणता?
— एक वाचक, पुणे

उत्तर : झडती घेणे सर्वस्वी चुकीचे होते, आणि तुम्हाला ते खटकले याबद्दल मला बरे वाटले. तसा अधिकार कोणत्याही पर्यटकाला नाही. त्या मुलाचे घर गडावर येणाऱ्यांच्या विश्वासावरच चालते, म्हणून तुमच्या गटाने त्याची आणि त्याच्या घरच्यांची माफी मागावी.

मोबाईल चोरीस गेला असेल तर ‘गहाळ’ असे लिहून देऊ नका, कारण तसे लिहिल्यास गुन्हाच नोंदला जात नाही. घटना दुसऱ्या जिल्ह्यातली आहे, हेही नोंद नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याची गावेच पाहा : पाचनई अहिल्यानगर जिल्ह्यात, खिरेश्वर पुणे जिल्ह्यात आणि बेलपाडा ठाणे जिल्ह्यात आहे. गडावर गेलेली वस्तू कोणत्या हद्दीत गेली हे ट्रेकरने ठरवत बसावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी, कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिल्यास तीन दिवसांत त्यावर सही करावी लागते, आणि नोंदीची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. नोंद नाकारली गेल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे.

सिम आणि पैशांची ॲप्स मात्र तक्रारीची वाट न पाहता सहकाऱ्याच्या फोनवरून लगेच बंद करवून घ्या. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा. तक्रारीची प्रत मिळाली की दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर हँडसेट बंद करण्याची विनंती करता येते. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक लागतो. तो खरेदीच्या पावतीवर आणि फोनच्या खोक्यावर असतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात आणि दोन्ही द्यावेत. या विनंतीसाठीचा ओटीपी संदेशाने येतो. तुमच्याच मोबाईल क्रमांकाचे नवे सिम घेतल्यावर संदेश येणे सुरू व्हायला सुमारे एक दिवस लागतो, म्हणून सिमचे काम प्रथम उरका. इतर वाचकांनी *#०६# दाबून आपले आयएमईआय क्रमांक आजच वहीत उतरवून घ्यावेत आणि ती वही घरी ठेवावी.