पॅकेज, कॉट आणि करारनामा

निकाल लागून ऑफर लेटरं हातात पडायला लागली की आमच्या टपालाचा रंग बदलतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : बी.ई. कॉम्प्युटर झालोय, घर सांगलीला. दोन ऑफर आहेत. ऐरोलीत पाच लाख, त्यात ५० हजार 'व्हेरिएबल', बेसिक (मूळ पगार) महिना १८ हजार. हिंजवडीत चार लाख वीस हजार, व्हेरिएबल नाही, बेसिक १७ हजार. दोन्हीकडे विम्याचे वर्षाला सहा हजार सीटीसीत (कंपनी सांगते त्या एकूण वार्षिक पॅकेजात) धरलेत. घरचे म्हणतात, ८० हजारांचा फरक कशाला सोडायचा?

उत्तर : तो फरक ८० हजारांचा नाहीच. कागद-पेन्सिल घ्या. ऐरोलीच्या पाच लाखांतून आधी व्हेरिएबलचे ५० हजार बाजूला काढा. ते मिळाले तर वर्षाअखेरीस मिळतील, आणि नव्या माणसाला पहिल्या वर्षी ते पूर्ण मिळतीलच असं धरून चालू नका. मग कंपनीच्या वाट्याचा पीएफ, महिना १,८०० म्हणजे वर्षाचे २१,६००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे १०,३९०. विमा ६,०००. उरले ४,१२,०१०, महिन्याला ३४,३३४. यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) गेला की हातात ३२,३३४.

हिंजवडीचा हिशेब याच पद्धतीने केला तर ग्रॅच्युइटी ९,८१२ येते आणि हातात २९,८८२ पडतात. फरक महिन्याला २,४५२ रुपयांचा. दोन्ही पगारांवर नव्या कररचनेत आयकर शून्य, त्यामुळे एचआरए (घरभाडे भत्ता) किती दाखवलाय यावर डोकं घालवू नका. त्या रचनेत घरभाड्याची सूट मिळत नाही आणि तुम्हाला तिची गरजही नाही.

आता हे अडीच हजार जातात कुठे ते बघा. हिंजवडी म्हणजे एक जागा नव्हे. ऑफिस कोणत्या फेजमध्ये आहे हे एचआरकडून ईमेलवर लिहून घ्या. फेज एकला असेल तर वाकडमध्ये राहणं ठीक. फेज तीनला असेल आणि वाकडमध्ये घर घेतलंत, तर पावसाळी संध्याकाळी ते काही किलोमीटर तुमचा तासभर खातील. मग माण किंवा मारुंजीकडे बघा. तिकडे हॉटेलं-दुकानं कमी आणि पाण्याचा टँकर जास्त, हे पत्करावं लागतं. घर बघायला रविवारी जाऊ नका. रविवारी सगळे रस्ते चांगलेच दिसतात. मंगळवारी सकाळी नऊला जा.

ऐरोलीला जमेची बाजू रेल्वेची. ठाणे-वाशी-पनवेल (ट्रान्स-हार्बर) मार्गावर घणसोली, रबाळे, ऐरोली लागोपाठ येतात. घणसोलीत किंवा कोपरखैरण्यात कॉट (खोलीतली एका खाटेपुरती भाड्याची जागा) घेतलीत तर गाडीतला वेळ काही मिनिटांचा, आणि दुसऱ्या वर्गाचा पास इतका स्वस्त की हिशेबात धरायचीही गरज नाही. डोंबिवलीला मावशीकडे फुकट राहायचा बेत असेल तर मात्र आधी आठवडाभर करून पाहा. सकाळच्या फास्ट गाडीत शिरणं, ठाण्याला पूल चढून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडणं, आणि संध्याकाळी हेच उलट. वाचलेल्या भाड्याची किंमत अशी मोजावी लागते.

आमचं मत विचाराल तर दोन-अडीच हजारांवर शहर ठरवू नका. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट विचारा, पहिल्या सहा महिन्यांत कोणत्या तंत्रावर काम देणार. दोन वर्षांनी दुसरी नोकरी त्या उत्तरावर मिळते, आणि पगाराची खरी उडी तिथे असते. उत्तरं सारखीच आली तर राहत्या जागेपासून ऑफिस जिथे जवळ पडेल ते घ्या.

प्रश्न : मुलगी बी.कॉम. झाली, पुण्यात खराडीला नोकरी लागली. आम्ही परभणीला असतो. मैत्रिणींबरोबर टू-बीएचके घेते म्हणते. मालक म्हणतात, अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला? शिवाय तिची शिफ्ट कधी कधी रात्री असेल.

उत्तर : ताई, अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि ती टाळली तर शिक्षाही त्यालाच. त्यामुळे मालक 'कशाला' म्हणाले तर तुम्ही कायद्याचं नाव घ्यायला संकोचू नका.

खर्चाचा बाऊ केला जातो तेवढा तो नसतो. भाडं २४ हजार आणि डिपॉझिट ७५ हजार धरा. अकरा महिन्यांचं भाडं २,६४,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी अकरा महिन्यांचं व्याज ६,८७५. दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे ६७७ रुपये, वर धरून सातशे. नोंदणी फी महापालिका हद्दीत एक हजार. याशिवाय लागते ती रक्कम कागदपत्र हाताळणीची आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटची. ती आधी ठरवून घ्या. नोंदणी झाली की इंडेक्स टूची (नोंदणीच्या उताऱ्याची) प्रत मुलीच्या ईमेलवर यायला हवी.

सर्वांत जास्त भांडणं होतात ती इथे : करार एकीच्याच नावावर आणि डिपॉझिट तिघींचं. जिच्या नावावर करार ती नोकरी बदलून गेली की बाकी दोघींना मालक ओळखत नाही. तिघींची नावं करारात घाला आणि प्रत्येकीने आपला वाटा आपापल्या खात्यातून मालकाला पाठवू द्या. लॉक-इन (ज्या मुदतीआधी घर सोडता येत नाही ती) किती महिन्यांचं ते वाचा. जाताना 'रंगकाम' म्हणून महिन्याचं भाडं कापायची पुण्यात सवय आहे. तसं कलम असेल तर रक्कम लिहून घ्या, नसेल तर कापता येणार नाही असं लिहून घ्या. ताबा घेताना विजेच्या मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, भिंती-नळांचा व्हिडिओ करून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या ॲपवर मागची थकबाकी बघा. सोसायटीला अविवाहित मुली चालतात का, हे ब्रोकरला न विचारता सेक्रेटरींना विचारा. ब्रोकरला सगळंच चालतं.

पहिले दोन महिने कॉट बेसिसवर काढून मग फ्लॅट घेतला तर आणखी बरं. कोणत्या मैत्रिणीशी जमतं हेही तोवर कळतं.

शिफ्टबद्दल : महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्रीला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं, आणि घराच्या दारापर्यंत वाहन द्यायची जबाबदारी कंपनीची. 'मेन रोडला सोडतो' हे उत्तर चालत नाही. घर बघतानाच ती गाडी गल्लीत वळते का ते बघून घ्या. आणि पगार २५ हजारांपर्यंत असेल तर स्त्रियांना व्यवसाय कर लागत नाही. पहिल्या पगारपत्रकात तो कापलाय का, एवढं तपासा.

प्रश्न : मेकॅनिकल इंजिनिअर. गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत १६ हजार, घरूनच जाता येईल. चाकणला २२ हजार. मित्र म्हणतात, कोल्हापुरात राहिलास तर संपलास.

उत्तर : मित्रांनी हिशेब केलेला दिसत नाही. बेसिक १२ हजार धरलं तर कोल्हापुरात पीएफ १,४४०, ईएसआयसी (कामगार विमा) १२० आणि व्यवसाय कर २०० जाऊन १४,२४० हातात. चाकणला पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० जाऊन वीस हजार. जास्तीचे ५,७६० कॉट, मेसचा डबा आणि महिन्याकाठी एका कोल्हापूर फेरीत संपतात. त्यात एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही : २१ हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआयसी लागू होतं, त्यात तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचेही उपचार येतात. २२ हजारांवर ते नाही. तिथे मेडिक्लेम देतात का ते विचारा.

पैशांनी बरोबरी झाली, मग काम बघायचं. फाउंड्रीत मेथड्स (ओतकामाची पद्धत ठरवणं), सँड टेस्टिंग (साच्याच्या वाळूची तपासणी) किंवा रिजेक्शन ॲनालिसिसला (माल नापास का झाला याचा शोध) बसवणार असतील तर खुशाल राहा. ब्लो-होल (ओतलेल्या धातूत वायूने पडलेलं भोक) कशाने आला, गेटिंग (साच्यात धातू नेणारी वाट) कुठे चुकलं हे ज्याला सांगता येतं त्याला शिरोली-कागलपासून पुण्यापर्यंत विचारणा असते. नुसतं शिफ्ट सुपरवायझर म्हणून हजेरी मांडायची असेल तर दोन वर्षांनी सांगण्यासारखं काही हातात राहत नाही.

चाकणच्या पत्रावर कंपनीचं नाव आहे की कंत्राटदाराचं, ते नीट वाचा. कंपनीच्या रोलवर असाल तर जायला हरकत नाही. खोली मात्र गेटजवळच हवी असं नाही, कंपनीची बस जिथून जाते तिथे घ्या. भोसरी, मोशी, निगडी या बाजूला बसचे थांबे असतात. पहिल्या शिफ्टची बस किती वाजता येते हे ड्रायव्हरलाच विचारा.

प्रश्न : दोन वर्षांचा, दीड लाखाचा बाँड (मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायची हमी) मागतात आणि मूळ मार्कशीट जमा करा म्हणतात. सही करू का?

उत्तर : मार्कशीट देऊ नका. मूळ प्रत पडताळून लगेच परत घ्यायची, त्यांच्याकडे राहते ती साक्षांकित झेरॉक्स. बाँड मात्र 'कोर्टात टिकतच नाही' असं समजून सही करू नका. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड ग्राह्य धरला आहे. सोडून गेल्यावर दुसरीकडे नोकरीच करायची नाही, ही अट वेगळी. ती करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. सहीपूर्वी तीन गोष्टी लिहून मागा : मुदत रुजू झाल्यापासून की प्रशिक्षण संपल्यापासून, रक्कम महिन्यागणिक कमी होते का, आणि कंपनीनेच काढलं तर काय. तिसऱ्याचं उत्तर तोंडी देऊ लागले तर तेवढ्यावर सही करू नका, ईमेल येईपर्यंत थांबा.