प्रश्न बागेचे: बुटक्या डबल डॅफोडिलचे कंद विदर्भात कसे लावावेत?

प्रश्न : हिमाचलमध्ये राहणाऱ्या बहिणीने मला ‘रिप व्हॅन विंकल’ या जुन्या, बुटक्या, डबल (म्हणजे भरगच्च पाकळ्यांच्या) डॅफोडिलचे काही कंद पाठवले आहेत. आमच्या अंगणातील जमीन काळी, कपाशीची आहे. हे कंद थेट अंगणात लावावेत का आणि त्यांना दरवर्षी फुले येतील का?
(एक वाचक भगिनी, वरुड तालुका)

उत्तर : अंगणात लावू नयेत, कुंडीतच लावावेत. दरवर्षी फुले येतील, अशी आशाही ठेवू नये. आपल्याकडे हा एका हिवाळ्याचा पाहुणा आहे, हे आधीच मान्य केले म्हणजे पुढचे सारे सोपे जाते.

हे वाण १८८४ पूर्वीपासून बागांमध्ये आहे. त्याचे रोप जेमतेम १५ ते २० सेंटिमीटर उंच वाढते आणि अरुंद, टोकदार, हिरवट पिवळ्या पाकळ्यांचे त्याचे फूल पाहणाऱ्याला लहानशा, विस्कटलेल्या शेवंतीसारखे वाटते. डॅफोडिलच्या डबल फुलांत पुंकेसर आणि फुलाच्या मधला पेल्यासारखा भाग यांच्याही पाकळ्या झालेल्या असतात. त्यामुळे अशा फुलांना बी क्वचितच धरते आणि वाण टिकते ते कंदाला फुटणाऱ्या पिल्लांवर. म्हणजे आपल्या हाती आलेला कंद हा त्याच जुन्या झाडाचा एक तुकडा आहे.

कंद आपल्याकडे येतो तेव्हा पुढच्या फुलाची कळी त्याच्या पोटात तयार झालेली असते, परंतु तिचा दांडा लांबून वर येण्यासाठी कंदाला सुमारे १२ ते १५ आठवडे ५ ते ९ अंश सेल्सिअसची सलग थंडी लागते. आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री कितीही गारठल्या तरी दुपारी पारा २८ अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे ही थंडी भरत नाही आणि नुसती पाने येतात, किंवा कळी पानांच्या बुडाशीच अडकून राहते. ही उणीव फ्रिजने भरून काढता येते. पितृपक्षाच्या सुमारास कंद जाळीच्या पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवावेत. भारनियमनात फ्रिज काही तास बंद राहिला तरी बिघडत नाही, दार तेवढे वारंवार उघडू नये. त्याच कप्प्यात सफरचंद, केळी किंवा पिकलेले टोमॅटो मात्र ठेवू नयेत, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कंदातली कळी आतच मरते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा कंद तपकिरी सालीच्या लहान गावरान कांद्यासारखा दिसतो आणि तो विषारी आहे. त्यातील लायकोरीन या द्रव्यामुळे मळमळ होते, उलट्या होतात. घाईगर्दीत कोणी तो फोडणीला चिरू नये म्हणून पिशवीवर ठळक अक्षरांत चिठ्ठी लावावी आणि घरातल्या प्रत्येकाला तसे सांगून ठेवावे. कंद हाताळताना रसाने काहींच्या त्वचेला खाज सुटते, तेव्हा हातमोजे घातलेले बरे.

डिसेंबरच्या मध्यास लागवड करावी. काळी माती पाणी धरून ठेवते आणि त्यात कंद कुजतो, म्हणून मुरमाड माती, जाडसर वाळू आणि पूर्ण कुजलेले शेणखत समभाग घ्यावे. ताजे शेण अजिबात घालू नये. १५ सेंटिमीटर रुंदीच्या कुंडीत पाच-सहा कंद, शेंडा मातीखाली जेमतेम झाकला जाईल असे, एकमेकांना न टेकवता बसवावेत. सकाळचे कोवळे ऊन मिळेल आणि दहानंतर सावली येईल, अशी पूर्वेची ओसरी या कुंडीला उत्तम. सर्व जुळून आले तर संक्रांतीनंतर फुले दिसू लागतील.

फुले सरल्यावर पाने महिना-दीड महिना हिरवी राहिली तरच कंद पुन्हा भरतो. आपल्याकडे मार्चचे ऊन ती त्याआधीच करपवते.

प्रश्न : मागील वर्षी मी डबल डॅफोडिलचे कंद फ्रिजमध्ये ठेवूनच लावले होते. पाने जोमदार आली, कळीही वर आली, पण ती न उमलताच कागदासारखी वाळली. असे का झाले असावे?
(एक वाचक, गोंदिया जिल्हा)

उत्तर : कळी वर आली होती, म्हणजे थंडी बहुधा पुरेशी मिळाली होती. दोष उष्णतेचा किंवा पाण्याच्या ताणाचा असावा. डबल फुलाला पाकळ्या अधिक असल्याने उमलायला वेळही अधिक लागतो आणि तेवढ्यात माती एकदा जरी कोरडी पडली किंवा स्लॅबवरच्या उन्हात कुंडी तापली, तरी कळी जळते. कळी दिसू लागल्यापासून माती सतत ओलसर ठेवावी, मात्र कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. लागवड जानेवारीत झाली असेल तर यंदा महिनाभर आधी करावी.

प्रश्न : फ्रिजची खटपट न करता असे एखादे कंदाचे फूल लावता येईल का?
(एक वाचक, चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : अवश्य. डॅफोडिलच्याच जातकुळीतल्या, झुपक्याने फुलणाऱ्या सुगंधी पांढऱ्या नर्गिसला फ्रिजची थंडी लागत नाही. तिचे कंद दिवाळीनंतर थेट कुंडीत लावावेत. डबल फुलाचाच आग्रह असेल तर निशिगंधाचे ‘सुवासिनी’ किंवा अर्धडबल ‘वैभव’ हे वाण घ्यावे. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने विकसित केलेली ही वाणे निचऱ्याच्या जमिनीत, एकाच जागी तीन वर्षे फुले देतात. माझे मत विचाराल तर डॅफोडिलच्याच कुळातली पिवळी रेन लिली चंद्रपूरच्या उन्हाळ्याला सर्वांत जास्त पुरून उरते. तिचे कंद मे महिन्यात धुऱ्याच्या उंचवट्यावर किंवा अंगणाच्या कडेला दोन बोटे खोल लावून ठेवावेत आणि तिथे पावसाचे पाणी साचणार नाही, एवढे पाहावे.