विमान अपघातानंतर लगेच सांगितली जाणारी कारणं खरी मानावीत का?

नाही. निदान प्राथमिक अहवाल येईपर्यंत तरी मानू नयेत.

एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या उड्डाणाचं उदाहरण पाहा. रिओहून पॅरिसला निघालेलं हे विमान १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरात कोसळलं आणि २२८ जण गेले. वीज पडली, बॉम्ब फुटला, अशा चर्चा लगेच सुरू झाल्या. ब्लॅक बॉक्स मात्र मे २०११ मध्ये, समुद्राच्या तळाशी जवळपास चार किलोमीटर खोलीवर मिळाले. मग खरा क्रम कळला: वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या बर्फाच्या कणांनी तुंबल्या, ऑटोपायलट (विमान आपोआप चालवणारी यंत्रणा) बंद झाला, गोंधळात विमानाचं नाक वर उचललं गेलं आणि विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांना हवेचा आधार उरला नाही. शेवटपर्यंत वैमानिकांना ते उमगलं नाही. एका वाक्यात मावणारं कारण इथे नव्हतंच, आणि बहुतेक अपघातांत ते तसं नसतंच.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्राथमिक अहवाल ३० दिवसांत अपेक्षित असतो. त्यातही सहसा घटनाक्रम असतो, निष्कर्ष नाही. चौकशीचा हेतू दोषी ठरवणं हा नसून पुढचा अपघात टाळणं हा असतो.

मला सर्वांत जास्त टोचतं ते वैमानिकांवर पहिल्याच दिवशी ठपका ठेवणं. ते उत्तर द्यायला नसतात, त्यांची मुलंबाळं मात्र ते सगळं वाचत असतात. व्हिडिओ पाहून निदान सांगणाऱ्या ‘तज्ज्ञा’ला एवढंच विचारा: फ्लाइट डेटा रेकॉर्डरमधली (उड्डाणाची माहिती नोंदवणाऱ्या ब्लॅक बॉक्समधली) कोणती नोंद तुम्ही पाहिलीत?